घोडी मुंबईहून कामशेतला: ट्रेलरच्या आधी रिपोर्ट

घोडी गोरेगावच्या तबेल्यातून कामशेतच्या कुरणात हलवायचीय, ट्रेलर पुढच्या शनिवारचा ठरलाय आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा ‘रिपोर्ट दवाखान्यातून येईलच’, असं तुम्ही लिहिलंयत. कृपा करून तो ‘येईलच’ धरून चालू नका. रिपोर्ट हातात पडला की मगच ट्रेलर ठरवा. घोडीला रॅम्पची सवय कशी लावायची ते तुम्हाला ठाऊकच असेल, म्हणून ते सोडतो.

ग्लँडर्स माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि पॉझिटिव्ह जनावराला जनावरांच्या संसर्गजन्य रोगांवरच्या २००९ च्या कायद्याखाली दयामरण द्यावं लागतं. त्यामुळे नव्या जागेने रिपोर्ट मागितला तर रागावू नका. नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातात, आणि तपासणी रक्ताची नव्हे, सीरमची (रक्त साकळल्यावर वर उरणाऱ्या द्रवाची) होते. एका दवाखान्याने (नाव घेत नाही) आमच्या घोड्याचं अख्खं रक्तच फ्रीझरमध्ये ठेवलं. रक्त असं गोठवलं की तांबड्या पेशी फुटतात, सीरम लालभडक होतं आणि नमुना बाद. पुन्हा रक्त, पुन्हा वाट बघणं, ट्रेलरचा अ‍ॅडव्हान्स बुडाला तो वेगळाच. वर तिथे कुणी ‘चुकलं’ एवढंही म्हटलं नाही. तेव्हा स्वतः समोर उभे राहा. साध्या नळीत रक्त घेऊन साकळू द्यायचं, वरचं पिवळसर सीरम वेगळ्या कुपीत काढायचं, बर्फाच्या पॅकसोबत थर्माकोलच्या डब्यात घालून त्याच दिवशी रवाना करायचं.

प्रवासाच्या दाखल्यावर नुसतं ‘तांबडी घोडी’ लिहून घेऊ नका. कपाळावरचा टिळा, केसांचे भोवरे, कुठला पाय पांढरा, कातडीखाली ओळखीची चिप असेल तर तिचा नंबर, सगळं हवं.

ट्रेलरची रबरी मॅट उचलून खालच्या फळ्या स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. मुताने त्या आतून कुजतात. दोन घोड्यांच्या ट्रेलरमध्ये एकटी घोडी उजव्या कप्प्यात घ्या, कारण रस्ता डावीकडे उतरता असतो. चढवताना घोडीच्या मागचा आडवा दांडा आधी लावायचा, मग दोर बांधायचा. उतरवताना आधी दोर सोडायचा, मगच दांडा. हा क्रम चुकला की बांधलेली घोडी मागे झेप घेते आणि मान दुखावते. दोर इतका सैल ठेवा की डोकं छातीखाली नेऊन शिंकरता येईल. डोकं सतत वर राहिलं तर कफ फुप्फुसात उतरतो. पहाटे निघा. घाटात ट्रॅफिक तुंबला तर आतला उकाडा झपाट्याने वाढतो, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात.

पोचल्यावर लगेच मोकळी सोडू नका. आधी म्होरकी धरून कुंपणाच्या कडेने फिरवा, पाणी दाखवा. कण्हेर आणि घाणेरी उपटलेली हवी. कण्हेरीची थोडी पानंही जीव घेतात. आधीच्या तबेल्यातला कडबा सोबत न्या. पावसाळी हिरव्या गवतावर पहिल्या दिवशी अर्धा तासच, पुढे १०–१४ दिवसांत वेळ वाढवत न्या, नाहीतर पोटशूळ ठरलेला. चंदीही (रोजचा दाणा) निम्मी करा. इतर घोड्यांपासून दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा आणि रोज सकाळी ताप बघा. मी पशुवैद्य नाही, पण ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला किंवा लीद पडली नाही, तर थांबू नका, डॉक्टरांना बोलवा.

आणि मोतद्दार (घोडी सांभाळणारा) पहिला आठवडा तरी जुनाच राहू द्या. पगार जास्त मागेल, द्या.