८३ ची फायनल, नौपाड्याची चाळ

प्रश्न : काका, ८३ साली तुम्ही ठाण्यात कॉलेजला होतात ना, वर्ल्डकप फायनल कुठे बघितलीत?

उत्तर : अरे नौपाड्यात, आमच्या चाळीत! अख्ख्या मजल्यात एकच टीव्ही, ब्लॅक अँड व्हाइट, शटरवाला, आणि खोलीत पाय ठेवायला जागा नाही म्हणून आम्ही कॉलेजची पोरं खिडकीच्या गजांना लटकून बघत होतो. २५ जून, शनिवार. आपले १८३ वर ऑलआउट झाले तेव्हा निम्मे लोक जेवायला उठून गेले, कारण समोर वेस्ट इंडिजचा रिचर्ड्स. तो ३३ वर असताना मदनलालला उंच मारला आणि कपिल उलटा पळत गेला, तो कॅच पडेपर्यंत, म्हणजे हातात पडेपर्यंत, कुणी श्वास घेतला नाही बघ. ४३ रननी जिंकलो!

शेजारचे काका गिरणी कामगार, १८ जानेवारी ८२ ला सुरू झालेल्या संपात घरी बसलेले, दीड वर्ष पगार नाही. त्या रात्री त्यांनी डब्यातली उरलेली साखर आमच्या सगळ्यांच्या हातावर चिमूटचिमूट ठेवली. मला कपच्या आधी तीच आठवते.