ठाणे–नवी मुंबईत सार्वजनिक वाचनालयांची सरकारी कामं कुठे शोधायची?

तुम्ही लिहिलंय की रबाळ्यात लोखंडी रॅकचं छोटं युनिट आहे आणि वाचनालयांच्या निविदा कुठे सापडतच नाहीत. माझंही पहिलं वर्ष असंच गेलं.

घोटाळा ‘सार्वजनिक’ या शब्दात आहे. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली बहुतेक वाचनालयं सरकारी नाहीतच. ती संस्थांची आहेत, सरकार फक्त अनुदान देतं. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, तेही संस्थेचंच. अशा ठिकाणी निविदा शोधत बसू नका. तिथे कार्यकारी मंडळ दोन-तीन दरपत्रकं मागवतं आणि ठरवतं. तेव्हा नमुन्याचं एक कपाट टेम्पोत टाकून कार्यवाहांना भेटा. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मान्यताप्राप्त वाचनालयांची यादी असते. त्यात वाचनालयांचे ‘अ’ ते ‘ड’ असे वर्ग असतात, ‘अ’ सगळ्यात वरचा. ‘अ’ आणि ‘ब’ आधी बघा, ‘ड’वाल्यांकडे रॅकला पैसे क्वचितच असतात. अनुदान हप्त्यांनी येतं, म्हणून निम्मे पैसे आगाऊ घ्या. माझं एक बिल आठ महिने अडकलं होतं. कार्यवाह बिचारे दर वेळी चहा मात्र पाजायचे.

खरी सरकारी खरेदी म्हणजे शासकीय जिल्हा ग्रंथालय आणि महापालिकांची वाचनालयं, अभ्यासिका. त्यासाठी महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर नाव नोंदवा (डिजिटल सही लागेल) आणि जेम या केंद्राच्या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावरही. उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचं) असेल तर बऱ्याच निविदांत बयाणा रकमेत, म्हणजे निविदेसोबत भरायच्या अनामतीत, सूट मिळते. पण अटी शेवटच्या पानापर्यंत वाचा, सूट नसेल आणि तुम्ही रक्कम भरली नसेल तर लिफाफा तांत्रिक छाननीतच बाद.

आणि नुसतं ‘ग्रंथालय’ टाकून शोधू नका. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिका निवडा, मग ‘अभ्यासिका’, ‘वाचनालय’, ‘फर्निचर’ असे शब्द मराठीत आणि इंग्रजीतही टाकून बघा. पुष्कळदा रॅक ‘अभ्यासिकेचे नूतनीकरण’ अशा स्थापत्य कामाच्या पोटात लपलेले असतात. ते काम अभियांत्रिकी विभाग काढतो आणि बांधकाम ठेकेदार घेतो. अशा निविदेतल्या उलाढालीच्या अटीत तुम्ही बसणार नाही, पण कार्यादेश (वर्क ऑर्डर) कोणाला मिळाला हे कळलं की लगेच त्या ठेकेदाराला दर द्या. माझी निम्मी कामं अशीच आली. दर देताना वाहतूक आणि जागेवरची जोडणी धरायला विसरू नका; तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसते, हे निविदेत कुठेच लिहिलेलं नसतं.