सभासद होशील तेव्हा सोबत रजिस्टर आण

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

एम.एस. झाल्यावर तालुक्याच्या गावीच बसायचं ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. असोसिएशन ऑफ सर्जन्स ऑफ इंडियाचं आजीव सभासदत्व घेऊ का, असं विचारलंयस. जरूर घे. मात्र सर्टिफिकेट फ्रेम करून कन्सल्टिंगमध्ये टांगण्यासाठी घेऊ नकोस. ते घेऊन पुढे काय करायचं, त्यासाठी हे पत्र.

ही संस्था १९३८ सालची. मुख्यालय चेन्नईत, ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’ हे तिचं मुखपत्र, वर्षाला एक राष्ट्रीय परिषद आणि आपल्या राज्य शाखेची ‘मॅसिकॉन’ वेगळी. एवढी माहिती पुरे.

कॉलेजात असताना तुझी केस बिघडली की दुसऱ्या दिवशी राउंडला चार जण विचारायचे. गावात कुणी विचारणार नाही. हर्नियाचं ऑपरेशन केलंस, टाके काढलेस, पेशंट परत आला नाही, की आपण खुशाल धरून चालतो की तो बरा झाला. प्रत्यक्षात तो जांघेत पुन्हा फुगवटा घेऊन दुसऱ्याच डॉक्टरकडे गेलेला असू शकतो. एकट्याने काम करणाऱ्या सर्जनला सगळ्यात मोठा धोका हाच असतो, आणि असोसिएशनची खरी गरज तिथेच लागते.

दोंडाईचाचं उदाहरण तुला माहीत असायलाच हवं. धुळे जिल्ह्यातलं गाव. तिथल्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांपुढे रोजचाच प्रश्न होता: हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये कमकुवत जागेला आधार म्हणून जाळी घातली तर निकाल चांगला लागतो, पण कंपनीची जाळी शेतमजुराला परवडत नाही. त्यांनी मच्छरदाणीच्या कापडाचा विचार केला. धागा कोणत्या पॉलिमरचा, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे निर्जंतुक करणाऱ्या गरम वाफेत, टिकतो का, हे तपासून ती निर्जंतुक करून वापरायला सुरुवात केली. एवढ्यावर थांबले असते तर ती एका गावातली युक्ती राहिली असती. त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या सर्जनांना बरोबर घेतलं, सगळ्यांचे निकाल एकत्र केले आणि २००३ साली ते ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त छापून आले. म्हणजे कुणीही ते वाचावं, तपासावं, खोडून काढावं. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर रीतसर चाचणी झाली. निम्म्यांना मच्छरदाणीच्या कापडाची जाळी, निम्म्यांना कंपनीची. २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने निकाल छापला: वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया उलटला, महागड्या जाळीच्या गटात कुणाचाच नाही. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, निकालात लक्षणीय फरक नाही. दोंडाईचाचा एक सर्जन आपलं काम चारचौघांपुढे मांडतो आणि त्या विचाराची तपासणी थेट युगांडापर्यंत जाते, याचा मला फार अभिमान वाटतो.

(हे वाचून बाजारातली मच्छरदाणी कापून ऑपरेशन थिएटरात नेऊ नकोस. एथिक्स कमिटी, पेशंटची लेखी संमती आणि कापडाची खात्री, यांतलं एकही टाळता येत नाही.)

असोसिएशन ऑफ रूरल सर्जन्स ऑफ इंडियाचीही सभासद हो. तुझ्यासारखंच, कमी साधनांत काम करणारी माणसं तिथे भेटतील. रक्तपेढी दूर असलेल्या गावात बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला, तर दात्याचं रक्त तिथल्या तिथे तपासून देऊ द्या, ही मागणी याच मंडळींनी वर्षानुवर्षं लावून धरली. एकट्यादुकट्या डॉक्टरचा अर्ज फायलीत पडून राहतो. संघटना पाठीशी असली की निदान दार तरी ठोठावता येतं.

आता कामाचं. उद्यापासून एक रजिस्टर घाल. मोठ्या आकाराचं, जाड पुठ्ठ्याचं. कॉम्प्युटरवर नंतर चढव. सुरुवात फक्त हर्नियापासून कर. नाव, वय, कोणती बाजू, हर्नियाचा प्रकार डायरेक्ट की इनडायरेक्ट, भूल स्पायनल दिली की लोकल, कोणती जाळी. जखमेत पू झाला का, हे जाळी घातलेल्या पेशंटमध्ये नव्वद दिवसांपर्यंत बघायचं असतं. टाके काढल्यावर तो रकाना बंद करू नकोस. वर्षाने परत तपास. फोन नंबर दोन घे, एक पेशंटचा आणि एक गावातच राहणाऱ्या नातेवाइकाचा. तुझ्याकडे ऊसतोडीला जाणारे बरेच येतील. ते दिवाळीच्या आसपास गाव सोडतात, उन्हाळ्यात परततात. त्यांची फॉलो-अपची तारीख पट्टा पडल्यावरची, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावरची दे, नाहीतर तो रकाना कोराच राहील आणि कोऱ्या रकान्याला ‘बरा’ समजण्याचा मोह होईल.

परिषदेला गेलीस की मोठ्या हॉलमधल्या लाइव्ह सर्जरीत दिवस घालवू नकोस. पोस्टर आणि फ्री पेपरच्या, म्हणजे सर्जन आपापला अभ्यास मांडतात त्या, खोल्यांत बस. पडद्यावर कुणी सुंदर व्हिडिओ दाखवला की उठून विचार: सर, अशा किती केसेस, किती महिने फॉलो-अप, त्यात किती पेशंट परत तपासायला आलेच नाहीत? समोर विभागप्रमुख असले तरी विचार. प्रश्न नम्रपणे विचारला की ज्येष्ठांना रागही येत नाही, आणि आलाच तर तो त्यांचा प्रश्न. कंपनीच्या स्टॉलवर नवीन साधन हातात जरूर घेऊन बघ, पण ऑर्डर तिथल्या तिथे देऊ नकोस.

निवडणुका, गटबाजी, सत्कार हे सगळं तिथेही आहेच. त्यापायी चांगली माणसं दूर राहिली की संस्था रिकामटेकड्यांच्या हातात जाते. म्हणून तू जा, आणि दोन वर्षांनी जिल्हा शाखेचं क्लिनिकल मीटिंगचं काम अंगावर घे. महिन्यातून एक संध्याकाळ, त्यात एक बिघडलेली केस मांडायचीच, असा नियम कर. पहिली तुझी असू दे, म्हणजे बाकीचे बोलतील.

पुढच्या मॅसिकॉनला तुझं पोस्टर असलं पाहिजे. रजिस्टरच्या पहिल्या पानाचा फोटो पाठव, रकाने बघून सुचवतो. रात्री नऊनंतर फोन केलास तरी चालेल.

तुझा,
सर