नवरा रात्रभर घोरतो, नाकात तेल घालूनही फरक नाही. घरच्या घरी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: मिस्टर ४६ वर्षांचे, उंची ५ फूट ६ इंच, वजन ८४ किलो, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. दोन वर्षांपासून घोरणं वाढलंय, हळदीच्या हंगामात तर फारच. महिनाभर नाकात बदामतेल घातलं, उपयोग शून्य.

तेलाने हे थांबणार नव्हतंच. घोरण्याचा आवाज बहुतेक वेळा नाकात नाही, घशात तयार होतो. मऊ टाळू, पडजीभ आणि जिभेचं मूळ या भागाला हाडाचा आधार नसतो, स्नायूंनी ताणून धरलंय म्हणून वाट उघडी राहते. झोपेत स्नायू सैल पडतात आणि वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा वेगाने जाते, वेग वाढला की तिथला दाब उतरतो, आणि सैल पडदे आत ओढले जाऊन फडफडतात. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना पाहिली असेल तर लगेच कळेल: तार घोडीला, म्हणजे तारांखालच्या पट्टीला, निसटती टेकते म्हणून ती झणझणते. नाक चोंदलेलं असेल तर श्वास जोर लावून ओढावा लागतो, घशातला दाब आणखी उतरतो आणि फडफड वाढते. हळदीच्या धुळीचं काम एवढंच. ती घोरणं निर्माण करत नाही, असलेलं वाढवते.

कुठलाही उपाय करण्याआधी दोन रात्री मोबाईलवर रेकॉर्डिंग करा. एकदा झोप लागल्यावर तासाभराने, एकदा पहाटे चारच्या सुमाराला, कारण स्नायू सर्वांत सैल पडतात ती स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते. ऐकताना दोनच गोष्टी बघा. उताणं असताना आणि कुशीवर असताना आवाजात किती फरक पडतो? आणि आवाज मध्येच पूर्ण बंद होऊन १० सेकंद किंवा जास्त शांतता, मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास, असं होतं का? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर हे नुसतं घोरणं नाही, झोपेत श्वास अडतोय. दुपारी वह्या लिहिताना डुलक्या, सकाळी डोकं जड, बीपी वाढलेलं, कॉलरच्या जागी मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, यातलंही काही जुळत असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. तुमच्याकडे सांगली-मिरजेत ते शोधत फिरावं लागत नाही. झोपेच्या तपासणीत तासाला श्वास किती वेळा अडतो ते मोजतात: ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तीव्र असेल तर घरगुती उपायांवर महिने घालवू नका, हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीनच लागतं. गाडी चालवताना डुलकी येत असेल तर तपासणी होईपर्यंत लांबचं ड्रायव्हिंग बंद.

श्वास अडत नसेल तर सर्वांत लवकर फरक कुशीने पडतो. उताणं झोपलं की जीभ आणि टाळू स्वतःच्या वजनाने मागे पडतात. जुन्या टी-शर्टला पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध कापडी खिसा शिवा आणि त्यात टेनिसचा चेंडू घाला. कमरेपाशी शिवला तर वरचं अंग तसंच वळतं आणि सगळी मेहनत वाया. पाठीला नुसती उशी लावली तर ती रात्रीतून सरकते. डोकं उंच करायचं तर पलंगाच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली एकेक वीट आडवी ठेवा. उशांवर उशा रचू नका, मान पुढे मुडपते आणि वाट उलट बंद होते.

नाकासाठी यार्डात मास्क, आणि घरी आल्यावर मिठाच्या पाण्याने नाक धुणं. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या. त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. नुसतं पाणी झोंबतं, ते मीठ नसल्यामुळे. नळाचं किंवा बोअरचं पाणी तसंच वापरू नका, त्यातला अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. क्वचित होतं, पण झालं तर बहुतेकदा जीव जातो. धुतल्यावर ओणवं राहून एकेक नाकपुडी हलके शिंकरा. जोर लावला तर पाणी कानाकडे जातं. झोपण्याच्या तासभर तरी आधी हे उरका. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब पाचेक दिवसांच्या पुढे गेले की नाक उलट जास्त चोंदतं. आणि ते तेल? कोरड्या नाकाला एखादा थेंब ठीक आहे, पण जास्त ओतून आडवं झालं तर ते फुप्फुसात उतरू शकतं.

वजनाचं टाळता येणार नाही. तुमच्या आकड्यांवरून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, जवळपास ३० येतो, आपल्याकडे २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. चरबी जिभेत आणि घशाच्या भिंतीतही साठते. वर्षभरात ८ किलो उतरवणं हे पहिलं लक्ष्य ठेवा. दारू घेत असतील तर झोपण्याच्या चार तास आधी शेवटची. झोपेच्या गोळ्याही स्नायू सैल करतात.

घशाचे व्यायाम लोक हसण्यावारी नेतात, पण मला त्यात दम वाटतो. ब्राझीलमधल्या २०१५ च्या एका अभ्यासात तीन महिन्यांत घोरण्याचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. तेव्हा ते असे करवून घेतले होते: जिभेचं टोक टाळूला टेकवून मागे सरकवणं, पूर्ण जीभ टाळूला चोखून दाबणं, टोक खालच्या पुढच्या दातांना टेकवून जिभेचा मागचा भाग खाली दाबणं, आणि ‘आ’ म्हणत पडजीभ वर उचलणं. प्रत्येक २० वेळा, दिवसातून तीनदा, एका खेपेला ८ मिनिटं. आठवड्याभरात सोडलं तर काहीच दिसणार नाही. हिशेबाची वही बंद करताना एक खेप जोडून दिली तर दिवाणजींच्या लक्षात राहील.

तोंडाला चिकटपट्टी लावण्याचे व्हिडिओ सध्या फिरताहेत. चोंदलेल्या नाकाच्या माणसावर ते अजिबात करू नका.