एम.आर्कला आल्यावर शास्त्रीय संशोधन पद्धती कशी शिकावी?

तुमचा प्रश्न असा आहे: बी.आर्कची (वास्तुकलेच्या पदवीची) पाच वर्षं नुसतं डिझाइन केलं, आता एम.आर्कला (पदव्युत्तर पदवीला) शास्त्रीय पद्धतीने संशोधन करायला सांगतात, तर सुरुवात कुठून करू? स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर आधी शिकू का?

सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. आधी ज्युरीची, म्हणजे परीक्षकांपुढे डिझाइन मांडण्याची, सवय मोडा. कन्सेप्ट ठरवायचा, शीट लावायच्या आणि समोरचा काहीही म्हणाला तरी आपली बाजू लढवायची, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं असतं की संशोधनातही आपण तेच करतो. इथे उलटं आहे. आपलं म्हणणं कुठे खोटं ठरू शकतं, ते आपणच आधी शोधायचं. मला हे समजायला अख्खा उन्हाळा लागला.

माझा विषय पुण्यातले जुने वाडे. ‘वाडा फ्लॅटपेक्षा थंड असतो’ हे मला सिद्ध करायचं होतं. (करायचंच होतं, गडबड तिथेच.) कसब्यातल्या एका वाड्याच्या माजघरात एक डेटा लॉगर (तापमान आपोआप नोंदवणारी छोटी डबी) ठेवला, दुसरा जवळच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, ज्याच्या वर थेट गच्ची. दर 15 मिनिटांनी नोंद, एप्रिलचे तीन आठवडे. आलेख असा देखणा आला की मी तो लगेच ए-वन आकाराच्या मोठ्या कागदावर प्रिंट केला: वाड्याची रेघ जवळजवळ सपाट, फ्लॅटची रोज दुपारी वर चढणारी.

गाइड सरांनी दोनच गोष्टी विचारल्या. “तळमजल्याची तुलना वरच्या मजल्याशी का केलीस?” आणि “रोज साडेचारला हा सुळका कसला?”

पहिल्याला उत्तर नव्हतं. दुसऱ्याचं शोधायला त्या घरी गेले. लॉगर टीव्हीच्या कपाटावर ठेवलेला, आणि साडेचारला पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन नेमकं त्याच्यावर. म्हणजे खोलीतल्या हवेचं नव्हे, उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकच्या डबीचं तापमान मी तीन आठवडे मोजत होते.

मे महिन्यात सगळं पुन्हा केलं. या वेळी लॉगर तीन घेतले. आधी तिन्ही एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून ते एकमेकांशी जुळतात का ते दिवसभर पाहिलं. मग जमिनीपासून 1.1 मीटरवर, म्हणजे बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, उन्हापासून आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब लावले. तळमजल्याशी तळमजला. तिसरा वाड्याच्याच वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. माजघर थंड निघालं, पण फरक बराच आटला. आणि सगळ्यात तापलेली खोली निघाली ती पत्र्याखालची, म्हणजे वाड्यातलीच.

त्याच दिवसांत सरांनी रॉजर उलरिच या संशोधकांचा 1984 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला शोधनिबंध हातात दिला. दोन-तीन पानांचा आहे, तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले 46 रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंतवाले 8.70 दिवसांत. आपल्याकडे लॅंडस्केपच्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये एवढंच सांगून पुढे जातात. खरी मजा पद्धतीत आहे. रुग्णांच्या 23 जोड्या लावल्या होत्या: वय, लिंग, वजन, धूम्रपान आणि (मी इथे कपाळावर हात मारला) मजलासुद्धा जुळवून. नोंदी फक्त 1 मे ते 20 ऑक्टोबरच्या घेतल्या, कारण बाकीच्या महिन्यांत झाडांना पालाच नसतो. आणि कागदपत्रांतून माहिती काढणाऱ्या परिचारिकेला कोणत्या रुग्णाला काय दिसत होतं, ते ठाऊक नव्हतं. प्रत्येक अट म्हणजे एकेका शंकेला आधीच दिलेलं उत्तर. शोधनिबंध वाचताना ही अट कोणत्या शंकेसाठी, असं समासात लिहीत जा. मी असे दहा-बारा निबंध वाचले, त्यातून जे शिकले ते रिसर्च मेथडॉलॉजीच्या लेक्चरमधून शिकले नाही.

आता प्रश्नावली. आर्किटेक्टला वाटतं, गूगल फॉर्म टाकला की सर्व्हे झाला. उष्णतेची जाणीव मोजायला सात पायऱ्यांची पट्टी वापरतात, उणे 3 म्हणजे थंड, अधिक 3 म्हणजे गरम. इंग्रजीतल्या अधिक 1 ला मी मराठीत ‘किंचित उबदार’ लिहिलं. वाड्यातल्या आजी म्हणाल्या, “उबदार तर चांगलं की गं.” बरोबरच आहे! आपल्याकडे उबदार गोधडी असते, मे महिन्यातली खोली नव्हे. ‘गार’ हा शब्दही उन्हाळ्यात तक्रार नसून कौतुक असतो. आणि ‘उकडतंय’मध्ये तापमान, दमटपणा आणि बंद पडलेला पंखा असं सगळंच येतं. शेवटी जाणीव आणि पसंती वेगळी केली: ‘आत्ता कसं वाटतंय?’ आणि ‘याहून गार हवं, गरम हवं, की आहे तेच बरं?’ खरा सर्व्हे सुरू करण्याआधी पाचसहा जणांना प्रश्न मोठ्याने वाचून दाखवा. कुठे अडखळतात ते लगेच कळतं. आणि “काकू, वाडा थंड असतो ना?” असं चुकूनही विचारू नका. आपल्या माणसांना पाहुण्याला नाही म्हणवत नाही.

राहिलं सॉफ्टवेअर. सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते), टी-टेस्ट (दोन सरासरींतला फरक निव्वळ योगायोग असेल का ते) आणि साधं रिग्रेशन (एका गोष्टीबरोबर दुसरी किती बदलते ते) समजलं की एक्सेलवरही काम भागतं. पण एक खड्डा सांगते. मी 42 जणांना सकाळ, दुपार, रात्र असं विचारलं आणि थीसिसमध्ये 126 उत्तरं म्हणून मिरवलं. माणसं मात्र 42च. एकाच माणसाची तीन उत्तरं एकमेकांपासून स्वतंत्र धरता येत नाहीत. व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) आदल्या आठवड्यात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमना तक्ता दाखवला, तेव्हा त्यांनी पहिल्याच मिनिटात हे काढलं. तुम्ही अशा कुणाकडे सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) देण्याआधीच जा, कोरी प्रश्नावली घेऊन.