उत्तर: मॉरिशसमध्ये मुलाची फुटबॉल नोंदणी अडकली आहे

ताई, भारतातून मॉरिशसला गेल्यावर तुमचा मुलगा आठवडाभर क्लबबरोबर सराव करतो, प्रशिक्षक त्याचं कौतुक करतात आणि सामन्याच्या यादीत मात्र त्याचं नाव नसतं, हे वाचलं आणि लिहायला बसलो. आमच्या घरात हेच झालं होतं. एबेनमध्ये नोकरी लागली म्हणून आम्ही रोझ-हिलला राहायला गेलो, पोरगं तेव्हा तुमच्या मुलाच्याच वयाचं. जन्मदाखला, पासपोर्ट, परमिट वगैरे तुमच्याकडे असणारच, त्यात वेळ घालवत नाही. मी वकील नाही आणि नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा फिफाची (जागतिक फुटबॉल महासंघाची) चालू नियमावली स्वतः उतरवून वाचाच.

तुम्ही थेट मॉरिशसच्या राष्ट्रीय फुटबॉल असोसिएशनला मेल करताय. त्याने काम पुढे सरकणार नाही, कारण पालक असोसिएशनचा सभासदच नसतो. सोसायटीत भाडेकरूने सेक्रेटरीला कितीही पत्रं लिहिली तरी ठराव घरमालकाच्या सहीनेच होतो, तसं आहे हे. संघटना क्लब आणि विभागांची. कागद क्लबच्या सचिवाकडून वर जातो, तिथून फिफाच्या टीएमएस या खेळाडू-हस्तांतराच्या ऑनलाइन प्रणालीत चढतो आणि ती प्रणाली पालकाला उघडतच नाही. म्हणून प्रशिक्षकाच्या मागे लागू नका, तो चांगला माणूस असला तरी. सचिव गाठा.

आता मुख्य नियम. अठरा वर्षांखालच्या खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशात नोंदवायला फिफाची मुळात बंदीच आहे (कलम 19), आणि मग मोजके अपवाद आहेत. सीमेलगत राहणाऱ्यांसाठी 50 किलोमीटरचा एक अपवाद आहे, तो बेटावर कामाचा नाही. तुमच्या कामाचा एकच: आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला आले. म्हणजे नोकरीचा करार आणि परमिट यांच्या तारखा क्लबच्या अर्जाच्या आधीच्या हव्यात आणि त्या कागदांवर स्पष्ट दिसायला हव्यात. पत्रात भावनेच्या भरात 'मुलाच्या खेळालाही इथे वाव मिळेल' असलं वाक्य घालू नका. नोकरीसाठी आलात, तेवढंच खरं कारण लिहा.

मुलगा भारतात कधीच नोंदवलेला नसता, तरी परदेशी नागरिक म्हणून पहिल्या नोंदणीला परवानगी लागलीच असती. सलग पाच वर्षं तिथे राहिलेला असेल तर गोष्ट वेगळी. आणि क्रम लक्षात ठेवा: आधी अल्पवयीन म्हणून परवानगी, मगच भारताकडे आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्राची, म्हणजे जुन्या देशाच्या संघटनेने खेळाडूला सोडल्याच्या दाखल्याची, मागणी. काही संघटनांना हौशी क्लबांपुरती मर्यादित सूट मिळालेली असते, तेव्हा निर्णय देशातच होतो. ही सूट आत्ता लागू आहे का, हे सचिवाला पहिल्याच भेटीत विचारा.

एवढी कडक शिस्त कशासाठी, असा तुमचा सूर दिसला. 2014 साली अल्पवयीन खेळाडूंच्या नोंदणीवरून फिफाने बार्सिलोना क्लबवर नवे खेळाडू घ्यायला बंदी घातली आणि स्पेनच्या संघटनेला 5 लाख स्विस फ्रँक दंड केला. मॉरिशसची वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे पिंपरी-चिंचवडपेक्षा कमी. फिफात 211 संघटनांपैकी त्यांचं मत ब्राझीलइतकंच मोजलं जातं, पण तिकीटविक्री आणि प्रायोजक यांवर अशा देशाचं फुटबॉल चालत नाही. फिफाच्या विकास योजनेत 2023 ते 2026 या काळात एका संघटनेला 80 लाख डॉलरपर्यंत मदत मिळू शकते. ज्या संघटनेचा गाडा या पैशावर चालतो, ती तुमच्या-माझ्या मुलासाठी कागद अर्धवट ठेवून जोखीम घेणार नाही, आणि घेऊही नये.

आमचं वर्ष मात्र मॉरिशसमध्ये नाही, भारतात वाया गेलं. इकडच्या अकादमीने मुलाची ऑनलाइन नोंदणी केली तेव्हा शाळेच्या दाखल्यावरून नाव उतरवलं: आडनाव आधी, मग मुलाचं, आणि वडिलांचं नाव गायब. वर आडनावातला 'व' पासपोर्टवर डब्ल्यू आणि नोंदणीत व्ही. मॉरिशसकडून मागणी गेली आणि भारतात 'असा खेळाडू सापडत नाही' म्हणून ती तशीच पडून राहिली. दुरुस्ती करायची होती एका कार्यालयाला, नाव घेत नाही. त्यांनी आधी अकादमीचं लेटरहेडवरचं पत्र मागितलं. ते दिलं तर शिक्का हवा. शिक्का आणला तर 'साहेब स्पर्धेला गेलेत'. साहेब आले तेव्हा 'मुलगा आता आपल्याकडे खेळतच नाही, मग दुरुस्ती कशाला?' अहो, खेळत नाही म्हणूनच तर दुरुस्ती हवी! माझे वडील सत्तरी ओलांडलेले, ते फाइल घेऊन त्या जिन्यावर उभे राहायचे आणि मी तिकडून फोनवर. एका अक्षराचं काम. तोवर मॉरिशसमधली नोंदणीची मुदत संपली आणि मुलाने अख्खा हंगाम बाकावरसुद्धा न बसता, कठड्याबाहेरून पाहिला. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून कळकळीने सांगतो: बाकी सगळं सोडा, आज रात्री त्याच्या भारतीय नोंदणीचं पान उघडा आणि पासपोर्टशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. जन्मतारीखही. चूक असेल तर जुन्या क्लबकडून लगेच लेखी दुरुस्ती मागा आणि पोच घ्या.

कुणीतरी तुम्हाला मंत्र्यांकडून फोन करवायला सुचवलंय. तिथली मैदानं बहुतेक सरकारी किंवा पालिकांची, 2016 चा क्रीडा कायदाही आहे, त्यामुळे हा मार्ग सोपा वाटतो. माझं स्पष्ट मत, जाऊ नका. संघटनेच्या कारभारात बाहेरचा हात फिफाला चालत नाही. ऑगस्ट 2022 मध्ये भारत याच कारणाने निलंबित झाला होता, जानेवारी 2023 मध्ये श्रीलंका. एका फोनने देश निलंबित होत नाही हे मान्य, पण नोंदणी विभागातला माणूस अशा फोनने फाइल आणखी जपून हाताळू लागतो.

आणि 'आपल्या लोकांचा क्लब कुठला' हा तुमचा प्रश्न. तो तिथे विचारू नका, ताई. पूर्वी तिथले क्लब समाजांचेच होते: हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स, तमिळ कॅडेट्स. नावं बदलली तरी निष्ठा तशाच राहिल्या. मे 1999 मध्ये स्काउट्स क्लब (पूर्वीचे मुस्लिम स्काउट्स) आणि फायर ब्रिगेड या दोन क्लबांच्या सामन्यानंतर दंगल उसळली, पोर्ट लुईमधलं लामिकाल हे जुगारगृह पेटवलं गेलं आणि सात माणसं होरपळून गेली, त्यांत लहान मुलंही होती. स्पर्धा बंद पडल्या आणि पुन्हा सुरू झाल्या त्या विभागवार क्लबांच्या पायावर. आजची रचना त्यातून आली आहे. पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेले आपले मराठी लोक खूप मदत करतात, घर शोधायला, गणपतीला बोलवायला. फुटबॉलचा क्लब मात्र राहत्या भागातला बघा. क्वात्र बोर्नला आहात, तर जवळपासचाच. पोराला क्रिओल येऊ लागली की मैदानावर निम्मं काम होतं.

तोवर शाळेचे सामने खेळू द्या, ती स्पर्धा असोसिएशनच्या छत्राखाली नसेल तर ही परवानगी लागत नाही. सचिवाला द्यायच्या पत्राचा मसुदा नाव-नंबर खोडून इथे टाका, मी वाचून देतो. नोकरीच्या कराराची आणि परमिटची तारीख मात्र खोडू नका, तीच आधी पाहायची आहे.