भाकड जनावर, पोळ्याचा नैवेद्य आणि उसातली पिल्लं

वाचकांचे प्रश्न : प्राण्यांचे निवारे

अभयारण्य, बचाव केंद्र, पांजरपोळ, गोशाळा, सगळीकडे प्राण्यांना आसराच मिळतो ना? मग फरक काय? (वाचक, सांगली)

प्राण्याचं पुढे काय होतं, हा फरक. अभयारण्यात त्याला कुणी खायला घालत नाही. राधानगरीचा गवा आणि रेहेकुरीचं काळवीट आपलं आपण चरतं. वनखात्याने जपायचं ते रान, गवत आणि पाणवठे. बचाव केंद्रात जखमी वन्यप्राणी बरा करून लवकरात लवकर जंगलात सोडायचा असतो, मुक्काम लांबला की माणसाची सवय लागते. पांजरपोळात, म्हणजे म्हातारी आणि आजारी जनावरं सांभाळणाऱ्या ठिकाणी, आलेलं जनावर मात्र शेवटपर्यंत तिथेच राहतं. मुंबईचा पांजरपोळ १८३४ सालचा. भटकी कुत्री मारण्याच्या हुकमावरून १८३२ मध्ये शहरात दंगल झाली, त्यानंतर सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. ‘गोशाळा’ या पाटीमागे दुधाचा गोठाही असू शकतो आणि भाकड गायींचा सांभाळही, तेव्हा देणगीआधी विचारून घ्या.

आमचा बैल सोळा वर्षांचा झाला, औताला चालत नाही. तालुक्याच्या पांजरपोळात ठेवावा म्हणतो. जागा चांगली आहे हे कसं ओळखावं? (शेतकरी, ता. माढा)

आधी एकदा रिकाम्या हाताने, न कळवता, दुपारी बाराच्या सुमारास जा. त्या वेळी जनावरं बसलेली असतात. बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करत असतील तर चारा आणि तब्येत दोन्ही ठीक समजा. मग खाली बघा. खूर वाढून पुढे वळलेले असतील, तर महिनोन्‌महिने कुणी पाय उचलून पाहिलेला नाही. शेण पातळ वाहणारं नको आणि गोळ्या-गोळ्यांचं कडकही नको. गव्हाणीत हात घालून तळाचा चारा बाहेर काढा. तो बुरसलेला असेल तर वरचा हिरवा चारा पाहुण्यांसाठी टाकलेला आहे. पाण्याच्या हौदाला आतून शेवाळ आहे का, तेही बघा.

त्यानंतर वही मागा. जनावर कधी आलं, कधी मेलं आणि कशाने मेलं याची नोंद असलीच पाहिजे. मेल्याच्या नोंदी दिसल्या म्हणून बिचकू नका. म्हातारी आणि आजारी जनावरं घेणाऱ्या ठिकाणी मृत्यू होणारच. शंभर जनावरं आणि वर्षात एकही मृत्यू नाही, असं कुणी सांगितलं तर मात्र आम्ही तिथे बैल ठेवणार नाही. डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात, बसलेलं जनावर उठत नसेल तर काय करता, हेही विचारा. दर तीन-चार तासांनी कूस बदलतो, खाली जाड गवत घालतो, असं उत्तर आलं तर माणसं कामाची आहेत. एकाच कुशीवर पडून राहिलेल्या जनावराच्या खालच्या मांडीचा रक्तपुरवठा दबतो, स्नायू मरतो, आणि मग मूळ दुखणं बरं झालं तरी ते उठत नाही.

नेताना पशुवैद्यकाचा दाखला आणि पांजरपोळाचं स्वीकारपत्र सोबत ठेवा. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक दोन्हींवर असू द्या. मालवाहू गाडीत नियमाने सहापेक्षा जास्त गुरं भरता येत नाहीत. गाडीत माती किंवा पाचट पसरा, नुसत्या पत्र्यावर म्हातारा बैल घसरतो आणि मांडी मोडून घेतो. आणि एक विनंती : घरी वैरण आणि सावली असेल तर बैल तुमच्याच दावणीला राहू द्या. या वयात कळप बदलला की तरुण जनावरं शिंगांवर घेतात.

पोळ्याला आम्ही गोशाळेत पुरणपोळी आणि भात घेऊन जातो. या वर्षी त्यांनी घेतलं नाही. देवाच्या नावाचं नाकारणं बरोबर आहे का? (वाचक, अमरावती)

बरोबर आहे, आणि ते सोपं नसतं, कारण देणगीदार दुखावतात. गाईचं कोठीपोट, म्हणजे पोटाचा पहिला आणि सगळ्यात मोठा कप्पा, चाऱ्यासाठी बनलेलं आहे. त्यातले सूक्ष्मजीव कडबा हळूहळू कुजवतात आणि त्यावर गाय जगते. भात, पोळी, गूळ, पीठ एकदम पोटात गेलं की ते झपाट्याने आंबतं आणि आम्ल तयार होतं. चारा पचवणारे जीव त्यात मरतात. अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं, डोळे खोल जातात, रवंथ थांबतो, शेण आंबूस वासाचं पातळ होतं. दीड-दोन दिवसांत जनावर बसतं, आणि बसलं की पुष्कळदा उठत नाही. एका घरची एक पोळी बाधत नाही. पण सणाच्या दिवशी पन्नास घरांचा नैवेद्य दारातल्या त्याच दोन-चार धीट गाईंच्या तोंडी जातो, कारण त्याच पुढे येतात.

असं झालंच तर धान्य, पोळी ताबडतोब बंद करून कोरडा कडबा पुढे ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. बाटलीने काही पाजू नका; अशक्त जनावराच्या ते फुप्फुसात जातं.

नैवेद्य पिशवीत बांधून टाकणं तर त्याहून वाईट. गाय पिशवीसकट गिळते. प्लास्टिक पचत नाही, पुढच्या पोटात सरकत नाही, वर्षानुवर्षं साठून गोळा होतो. पोट सतत फुगलेलं आणि अंगावर हाडं, असं जनावर दिसलं की हीच शंका येते. डाव्या कुशीत छेद देऊन कोठीपोट उघडावं लागतं, आणि २०-३० किलोचा गोळा निघाल्याची उदाहरणं कितीतरी आहेत. त्यात दोऱ्या, खिळे, सगळं एकमेकांत पिळलेलं असतं.

पुण्य करायचंच तर कडब्याच्या पेंढ्या द्या, खनिज मिश्रणाचं पोतं द्या, नाहीतर एका महिन्याचं औषधांचं बिल भरा.

ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडली तर ती बचाव केंद्रात पोचवायची ना? (शेतकरी, ता. जुन्नर)

नाही, ती आईकडे पोचवायची. आई जवळच्याच उसात असते. तोड थांबवा, माणसं मागे घ्या आणि १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर फोन करा. पिल्लं उचलू नका, दूध पाजू नका, फोटोसाठी मांडीवर घेऊ नका. भोवतीचा थोडा ऊस त्या दिवशी उभा राहू द्या. वनखात्याची माणसं आणि डॉक्टर पिल्लं तपासतात, आणि अंधार पडायच्या आत ती क्रेटमध्ये घालून सापडली त्याच जागी ठेवतात. रात्री मादी क्रेट पाडून एकेक पिल्लू मानेला धरून नेते. पहिल्या रात्री आली नाही तर पुन्हा प्रयत्न करतात. बाटलीवर वाढलेलं पिल्लू शिकार शिकत नाही आणि माणसाला भीत नाही, म्हणून त्याला पुढे जंगलात सोडता येत नाही. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट्या बचाव केंद्रातला पिंजरा हा मग त्याचा जन्मभराचा पत्ता होतो.

दोन एकर बागायत आहे. वीस भाकड गायी सांभाळायचं मनात आहे. जमेल का? (वाचक, बारामती)

आधी चाऱ्याचं गणित मांडा. साधारण ३५० किलोच्या गाईला रोज १५ किलो हिरवा आणि ५ किलो कोरडा चारा धरा. वीस गायींना वर्षाला जवळपास ११० टन हिरवा आणि साडेछत्तीस टन कडबा लागेल. पाणी असलेल्या एकरात संकरित नेपियर गवत वर्षाला ६०-८० टन देतं. म्हणजे दोन्ही एकर चाऱ्याखालीच जातील, गोठ्याला जागा वेगळी हवी, आणि कडबा सगळा विकत. तो सुगीत भरून ठेवा, उन्हाळ्यात भाव चढतो. पाणी प्रत्येकी ५० लिटर, म्हणजे रोज हजार लिटर, धुण्याचं वेगळं. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला गेल्यावर हे पाणी कुठून येणार, याचं उत्तर नसेल तर आठ गायींवर थांबा.

छपराखाली प्रत्येकी ४० चौरस फूट आणि मोकळी जागा ८० चौरस फूट ठेवा. गुळगुळीत कोबा करू नका. खाचा पाडा, बसायला मातीचा भाग राखा. वळू आणि खच्ची न केलेले गोऱ्हे कळपात नकोत, नाहीतर तिसऱ्या वर्षी वीसच्या तीस होतील.

नवी गाय आली की निदान तीन आठवडे वेगळ्या गोठ्यात ठेवा; तिची बादली आणि खराटाही वेगळा. लाळ-खुरकूत एका जनावराबरोबर येते आणि चार दिवसांत सगळा गोठा लाळ गाळत उभा असतो. लाळ-खुरकूत आणि लम्पीची लस डॉक्टरांच्या वेळापत्रकाने, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याआधी. पहिली गाय आणण्याआधी डॉक्टरांना गोठा दाखवा, आणि तुम्ही आजारी पडलात तर चारा कोण टाकेल, त्या माणसाशी आत्ताच बोलून ठेवा.